ढोकबाबू लिहून घेतात

माझा स्वतःचा आवाज मी पहिल्यांदा वाचला तो रायपुरात, ऑफिसात, डब्यातली भेंडीची भाजी खाताना. शेजारच्या टेबलावरून टाइप केलेल्या कागदांचा एक जुडगा सरकत सरकत माझ्या डब्यापाशी आला. त्यावर लिहिलं होतं:

‘सर, तो मतलब, जैसा कि आप देख रहे हैं। मतलब अभी दिख नहीं रहा है। लाइट बंद करो। पूरी मत करो। हाँ। तो मतलब ये जो नीला वाला है, इसमें मतलब ऐसा है सर कि... आगे करो। आगे नहीं, पीछे। सॉरी सर।’

अशी अडीच पानं. शेवटी तारीख, वेळ, आणि ‘वक्ता के हस्ताक्षर’ यासाठी सोडलेली एक रिकामी रेघ.

“हे काय आहे?” मी विचारलं.

“तुमचं कालचं प्रेझेंटेशन,” ढोकबाबू म्हणाले. “जसं बोलले तसं.”

“मी असं बोललो?”

“मी काहून माझ्या मनानं लिहीन जी? मले काय तेवढं सुचते?”

मी सही केली. दुसरं काय करणार? भेंडी मात्र तशीच राहिली.

वासुदेव नारायण ढोक हे आमच्या खात्यातले स्टेनो. बुटके, अर्ध्या बाह्यांचा बुशशर्ट, खिशात चार पेन्सिली, चारींची टोकं वर. खिशाकडे चुकून वाकलं तर डोळा जाईल अशी व्यवस्था. पेन ते वापरत नसत. “पेन मधातच दगा देते. साहेब बोलून जाते अन् आपण झटकत राहतो.” चेहरा दुपारी बंद ठेवलेल्या दुकानाच्या शटरसारखा. आत माल आहे की नाही हे बाहेरून कळायचं नाही. तीस वर्षांच्या नोकरीत हजारो बैठकांना ते हजर होते आणि एकाही बैठकीत ते एक शब्द बोलले नव्हते. साहेबांच्या डाव्या हाताला, जरासं मागे, एका स्टुलावर बसायचं आणि लिहायचं. स्टूल त्यांचं स्वतःचं होतं. बदली झाली की ते सोबत नेत.

राज्य तेव्हा नवं होतं. रायपूर एका रात्रीत राजधानी झालं आणि राजधानीला लागणाऱ्या गोष्टी मिळेल तिथून गोळा करायला लागलं. आमचं खातं एका जुन्या इमारतीत बसवलं होतं. ती आधी कशासाठी वापरत होते ते कोणी सांगेना. पण आमच्या शाखेच्या दारावर ‘कृपया शांत रहें’ अशी पाटी होती आणि ती काढायचे अधिकार कोणाचे, याची फाइल अजून चालू होती.

तोवर आमच्यासारख्या सरकारी माणसाचं बोलण्यावाचून काही अडलं नव्हतं. आम्ही लिहायचो. ‘अवलोकनार्थ प्रस्तुत’ एवढं लिहून फाइल भोपाळला धाडली की सहा महिने निवांत. पण आता सचिव एक जिना चढून गेलं की भेटायला लागले. आणि हे नवे साहेब म्हणायचे, “लिखो मत, बताओ। दस मिनट। स्क्रीन पर।” भिंतीवर पांढरा पडदा लागला, प्रोजेक्टर आला आणि फायलींमागे सुखानं जगलेली माणसं एकेक करून उजेडात ओढली गेली. एका सीनियर इंजिनिअरनं पडद्यासमोर उभं राहून स्वतःचं नाव चुकीचं सांगितलं. ते बैठकीच्या कार्यवृत्तात आहे. ढोकबाबूंनी टाइप केलेलं आहे.

कोणी म्हणेल, माणूस खवचट होता. तसं नव्हतं. खवचट माणसाला दुसऱ्याची फजिती झाली की मजा वाटते. ढोकबाबूंना मजा वाटत असल्याचा कोणताही पुरावा उपलब्ध नाही.

आमचे एक साहेब होते. त्यांना बोलायची हौस. हातपंपाच्या बैठकीत ते नदीच्या उगमापासून सुरुवात करत. एकदा ते म्हणाले, “ढोक, मेरा पूरा भाषण शब्दशः चाहिए। एक शब्द इधर-उधर नहीं।” दुसऱ्या दिवशी ढोकबाबूंनी एकोणीस पानं नेऊन दिली. त्यात साहेबांचे खोकले होते, ‘ये पंखा कौन चला रहा है’ होतं, एकच किस्सा दोनदा होता, आणि चौदाव्या पानावर ‘मैं क्या कह रहा था’ या प्रश्नानंतर कंसात ‘किसी ने उत्तर नहीं दिया’ असं होतं. साहेबांनी केबिनचं दार लावून घेतलं. तासाभरानं उघडलं. त्यानंतर त्यांची बदली होईपर्यंत ते दहा मिनिटांवर कधी बोलले नाहीत, आणि ढोकबाबूंना समोर पाहिलं की गळा साफ करून गप्प बसत.

त्या एकोणीस पानांनंतर ढोकबाबूंची बोलायला शिकवायची शाळा सुरू झाली. जेवणाच्या सुट्टीत वीस मिनिटं, रेकॉर्ड रूममध्ये, दोन रॅकच्या मधल्या जागेत. पहिली विद्यार्थिनी रंजना मेश्राम, आमच्याकडची असिस्टंट इंजिनिअर. घरी वऱ्हाडी ऐकत वाढलेली पोरगी, सगळं समजायचं, पण मराठीत विचारलं तरी उत्तर हिंदीत. दुसरा मी. मी मुळात गप्पिष्ट माणूस, चहाच्या टपरीवर दोन तास माझं कोणी ऐकून घ्यावं असा. पडदा दिसला की मात्र माझ्या तोंडून फक्त ‘मतलब’ निघायचं.

पद्धत सोपी होती. पहिला आठवडा ढोकबाबू तुमचा प्रत्येक शब्द लिहून घेत आणि नंतर वाचून दाखवत, सपाट आवाजात. दुसऱ्या आठवड्यापासून लिहिणं बंद. पेन्सिल कागदापासून एक बोटभर वर धरायची. लिहिण्यासारखं काही बोललात तरच ती खाली यायची.

“दोन तासाच्या बैठकीचं कार्यवृत्त किती असते?” ते विचारत.

“अर्धं पान.”

“मग अर्धं पानच बोला ना जी. बाकीचं मले काहून ऐकवता?”

रंजना बोलायला उभी राहायची. उन्हाळ्यात हातपंप कसे बंद पडतात, यावर तिच्याकडे तीस स्लाइड होत्या. ती पहिल्या स्लाइडपासून सुरू करायची आणि आम्ही सगळे त्या पेन्सिलीकडे बघायचो. पेन्सिल हवेत. पाचवी स्लाइड, हवेत. बाराव्या स्लाइडला रंजना चिडली.

“बाबूजी, आप लिख ही नहीं रहे!”

“तू सांगून नाही राहिली, पोट्टे.”

“अरे, बता तो रही हूँ! पंप खराब नहीं है। पानी नीचे चला गया है, पाइप छोटा पड़ गया। पाइप दे दो, पंप चल जाएगा!”

पेन्सिल खाली आली. ढोकबाबूंनी लिहिलं, कागद फाडला आणि तिच्या हातात दिला. “हे झालं तुमचं प्रेझेंटेशन. बाकी चित्रं दाखवा.”

तिनं तसंच केलं. सचिवांसमोर तीन वाक्यं बोलली आणि थांबली. साहेब लोकांना थांबणारा माणूस पाहायची सवय नव्हती. सगळे घड्याळाकडे बघायला लागले. पाइप मंजूर झाले. त्या दिवशी ढोकबाबूंनी कार्यवृत्त टाइप केलं ते खरंच साडेतीन ओळींचं, आणि त्यातल्या तीन रंजनाच्या होत्या.

शेवटची परीक्षा ढोकबाबूंच्या घरी व्हायची. बूढापाऱ्यात, तलावापासून आत जाणाऱ्या गल्लीत, दोन खोल्या. मी गेलो तेव्हा त्यांची बायको, शालिनीकाकू, तख्तावर बसून मेथी निवडत आणि बोलत होत्या. ढोकबाबू आयुष्यभर जे बोलले नाहीत ते सगळं त्या घरात काकूंच्या वाट्याला आलं असावं. “या बाप्पा, बसा. हे सांगत होते एक पोट्टा येणार म्हून. चहा घेता न? साखर कमी आहे घरात, सांगून ठेवते. त्या कोपऱ्यात नका बसू, तिथं ओलं आहे.”

मी वहीतून आणलेला आलेख काढला. रंगीत खडूनं केला होता, तीन रंगांत. तो त्यांच्यासमोर धरला आणि मोठ्या आत्मविश्वासानं सुरुवात केली, “काकू, हा आलेख बघा.”

“कोणता?” काकू म्हणाल्या.

“तिले दिसत नाही जी,” ढोकबाबू म्हणाले. “म्हणून तर तुमाले आणलं.”

आलेख हातात तसाच. मी हळूच खाली ठेवला. काकू मेथी निवडतच होत्या, एक काडी चुकत नव्हती. मग मी बोललो. नुसतं बोललो, चित्रांशिवाय. मध्येच त्यांनी हात वर केला.

“तुमी कोणाकडे पाहून बोलून राहिले?”

“तुमच्याकडेच.”

“नाही. आवाज खिडकीकडे चालला आहे. मी इकडे आहे.”

मी खरंच खिडकीकडे पाहत होतो. पुढच्या पंचवीस वर्षांत मी कुठल्या कुठल्या सभागृहांत बोललो असेन. बोलताना आवाज कुठे चालला आहे, हे मी अजून तपासतो.

काकूंची दृष्टी लग्नानंतर काही वर्षांनी हळूहळू गेली होती. डॉक्टर झाले, नागपूर झालं, मग त्यांनीच ‘पुरे’ म्हटलं. पण घरात बसणं त्यांना जमणारं नव्हतं. रोज सकाळी त्या एकट्या बाहेर पडत. उजवा तळवा भिंतीला लावून चालायचं. घरापासून मंदिरापर्यंत, मंदिरापासून भाजीवालीपर्यंत. कोणाच्या भिंतीचा चुना गुळगुळीत आहे, कुठे विटा उघड्या आहेत, कोणत्या दाराची कडी नेहमी गरम असते, सगळं हाताला पाठ. भाजीवालीशी भांडून, दोन गल्ल्यांच्या बातम्या गोळा करून त्या परत येत. “भिंती आहेत तिथवर माझं गाव,” असं त्या सांगत.

ऑफिसात यातलं कोणाला काही ठाऊक नव्हतं. ढोकबाबूंनी सांगितलं नव्हतं, कारण कोणी विचारलं नव्हतं.

मग यादी आली. राज्य वेगळं झालं तशी माणसांचीही वाटणी होत होती. कोण इकडे, कोण तिकडे. ढोकबाबूंच्या नावापुढे भोपाळ होतं.

हरकत घेता येत होती. त्यांनी अर्ज केला. तो मी वाचला. नमुनेदार अर्ज. ‘पारिवारिक परिस्थितियों के कारण’ सगळ्यांनी लिहिलं होतं, त्यांनीही तेच लिहिलं होतं.

“काकूंचं काहून नाही लिहिलं?” मी विचारलं.

“अर्जात असं कसं लिहायचं जी? ते घरचं झालं.”

अर्ज पोत्यांनी आले होते, वाचायला कोणाला वेळ नव्हता. म्हणून हरकती निकाली काढणाऱ्या समितीनं ठरवलं, ज्याची हरकत असेल त्यानं समोर येऊन दोन मिनिटांत सांगावं. रंजना आणि मी ताबडतोब रेकॉर्ड रूममध्ये शाळा उलटी सुरू केली. ढोकबाबू दोन रॅकच्या मध्ये उभे राहिले. “महोदय,” म्हणाले. मग बराच वेळ काही नाही.

“बाबूजी, बोलिए ना,” रंजना म्हणाली. “एक ही तो वाक्य है।”

“महोदय,” ढोकबाबू म्हणाले. रॅकवरची एक फाइल सरळ केली. “उद्या पाहू.”

असे चार दिवस. चार ‘महोदय’.

आणि यात भर म्हणजे समितीला स्टेनो हवा होता, आणि अख्ख्या राजधानीत सगळ्यात चांगला स्टेनो कोण हे सर्वांना माहीत होतं. तेव्हा सुनावणीचे तीन दिवस ढोकबाबू आपल्या स्टुलावर, अध्यक्षांच्या डाव्या हाताला, जरासे मागे. लोक येत, रडत, हात जोडत, आईचे एक्सरे दाखवत. ढोकबाबू सगळं लिहून घेत. माझी नेमणूक दारावर, यादीतली नावं पुकारायला.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी पुकारलं, “श्री वासुदेव नारायण ढोक.”

ते स्टुलावरून उठले, टेबलाला वळसा घालून समोरच्या खुर्चीवर येऊन बसले. वही आणि पेन्सिल हातातच.

अध्यक्ष भले गृहस्थ होते. “ढोक जी, आप तो अपने ही आदमी हैं। बताइए, रायपुर में क्यों रहना चाहते हैं?”

ढोकबाबूंनी ते लिहून घेतलं.

मी दारातून पाहत होतो. मला वाटलं, सवयीनं पेन्सिल फिरली असेल. डावीकडचे सदस्य म्हणाले, “कोई पारिवारिक कारण?” त्यांनी तेही लिहिलं. उजवीकडचे म्हणाले, “कुछ तो बोलिए।” तेही. मी दारातून हातवारे केले. ते लिहिता येण्यासारखे नव्हते म्हणून सुटले. अध्यक्षांनी भलेपणानं अजून अर्धं मिनिट वाट पाहिली. बाहेर साठ माणसं उभी होती. “ठीक है,” ते म्हणाले. “अगला।” ढोकबाबूंनी ‘अगला’ लिहिलं, उठले आणि वळसा घालून आपल्या स्टुलावर जाऊन बसले.

मी पुढचं नाव पुकारलं. काय करणार, नेमणूक होती.

संध्याकाळी व्हरांड्यात गाठलं. “ढोकबाबू, हे काय केलं?”

“साहेब बोलून राहिले होते.”

“मग?”

“साहेब बोलत असले म्हणजे हात थांबत नाही जी.” स्वतःच्या उजव्या हाताकडे ते असं पाहत होते, जणू तो दुसऱ्या खात्यातून आलेला होता. “अन् हात चालू असला म्हणजे तोंड उघडत नाही. तीस वर्षं झाली.”

आता ऐका. कार्यवृत्त टाइप करायचं होतं ते त्यांनीच. तीन दिवसांत तीनशे माणसं झाली होती, कोण काय बोललं ते अध्यक्षांनाही आठवत नव्हतं. मी म्हटलं, “एक ओळ टाका. ‘पत्नी दृष्टिहीन है।’ खोटं आहे का? कोण पाहते?”

“मी पाहतो ना,” ढोकबाबू म्हणाले, आणि मशीनमध्ये कागद चढवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अध्यक्ष सह्या करत होते, मी पानं उलटत होतो, ढोकबाबू बाजूला उभे. एका पानावर अध्यक्षांचं पेन थांबलं. त्यांनी वाचलं, मोठ्यानं:

“‘श्री वा. ना. ढोक, शीघ्रलेखक। उपस्थित हुए। कुछ नहीं कहा।’ ये किसने टाइप किया?”

“मैंने, सर।”

“अपने बारे में?”

“जी।”

अध्यक्षांनी मागची दोन पानं चाळली. “बाकी लोगों का तो आपने पूरा-पूरा लिखा है।”

“उन्होंने कहा था, सर।”

अध्यक्षांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “तो अब कह दीजिए।”

ढोकबाबूंचा हात खिशाकडे गेला. मला कळलं की आता पेन्सिल निघणार, हेही वाक्य लिहिलं जाणार, आणि काकू भोपाळला कुठल्याशा तिसऱ्या मजल्यावर जाऊन बसणार. मी काय केलं ते मला आजही नीट सांगता येत नाही. त्यांच्या खिशातून पेन्सिल मीच ओढली, टेबलावरची वही उचलली आणि जाऊन त्यांच्या स्टुलावर बसलो. पेन्सिल कागदावर टेकवली आणि त्यांच्याकडे पाहिलं.

ढोकबाबू माझ्याकडे पाहत राहिले. तीस वर्षांत त्या स्टुलावर दुसरं कोणी बसलेलं त्यांनी पाहिलं नव्हतं. मग त्यांनी गळा साफ केला, हात मागे बांधले, आणि त्यांच्या आयुष्यातल्या सगळ्या साहेबांचा आवाज एकदम त्यांच्या गळ्यात आला.

“लिखिए,” ते म्हणाले. “महोदय, अल्पविराम, मेरी पत्नी को दिखाई नहीं देता, पूर्णविराम। बूढ़ापारा में घर से मंदिर तक, और मंदिर से सब्ज़ी वाली तक की दीवारें उसके हाथ को याद हैं, पूर्णविराम। नया पैरा। भोपाल में वो घर के अंदर बैठी रहेगी, पूर्णविराम।” थांबले. विचार केला. “और, अल्पविराम, वो बैठने वाली नहीं है, पूर्णविराम। बस।”

अध्यक्ष माझ्याकडे वळले. “पढ़िए।”

मला लघुलेखनातलं ओ की ठो येत नाही. मी वहीत नुसत्या रेघोट्या मारल्या होत्या. पण मी वहीकडे बघत सगळं वाचून दाखवलं, पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत, एकही न चुकता. चुकण्यासारखं त्यात काही नव्हतंच.

अध्यक्षांनी ‘कुछ नहीं कहा’वर एक सरळ रेघ मारली आणि वर आपल्या अक्षरात लिहायला घेतलं. मध्ये एकदा त्यांनी विचारलं, “सब्ज़ी वाली तक, है ना?” ढोकबाबू म्हणाले, “जी।”

बाहेर आल्यावर ढोकबाबूंनी वही मागून घेतली, ते पान उघडलं आणि चष्मा वर करून बराच वेळ पाहिलं.

“तुमी हे लिहिलं?”

“हो.”

“यात तीनदा ‘बटाटा’ लिहिलं आहे,” ते म्हणाले, आणि पान न फाडता वही खिशात ठेवली.

महिन्याभरानं आदेश आला. ढोकबाबू रायपुरातच राहिले आणि काही वर्षांनी तिथूनच निवृत्त झाले. निरोप समारंभात त्यांना दोन शब्द बोलायचा आग्रह झाला. त्यांनी हात जोडले आणि बसले. रंजना बोलली, चार वाक्यं, आणि थांबली.

त्यांना शेवटचं पाहिलं ते एका सकाळी. शहर तोवर ओळखू येईनासं झालं होतं. मी चौबे कॉलोनीतून स्कूटरवर निघालो होतो आणि बूढापाऱ्यातून जावं लागलं, कारण नेहमीचा रस्ता खोदलेला होता. त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी रस्ता रुंद करायला एका घराच्या पुढच्या भिंतीचा तीनेक फूट भाग आदल्या दिवशीच पाडला होता. विटांचा ढीग, सळया, धूळ. त्या ढिगाच्या बाजूला, जिथे भिंत होती नेमकं तिथे, ढोकबाबू उभे होते. अंगात धुतलेला बुशशर्ट, पाठ ताठ, खांदा एका बाजूच्या भिंतीला टेकलेला आणि दुसरा हात पसरून पलीकडच्या भिंतीवर.

काकू आल्या. उजवा तळवा भिंतीवरून सरकत होता आणि मागून येणाऱ्या एका बाईला त्या मोठ्यानं काहीतरी सांगत होत्या, कोणाच्या तरी सुनेबद्दल. भिंत संपली. तळवा ढोकबाबूंच्या खांद्यावर आला, छातीवरून गेला, पसरलेल्या हातावरून मनगटापर्यंत पोचला आणि पुढच्या भिंतीवर उतरला. काकूंचं वाक्य मध्ये कुठे तुटलं नाही. त्या वळणावरून दिसेनाशा झाल्यावर ढोकबाबूंनी हात खाली घेतला, शर्टावरची धूळ झटकली, आणि भाजीवालीकडून त्या परत यायच्या वेळेपर्यंत तिथेच एका विटेवर बसून राहिले.